करवीरचीं बोर्डिंगें

कोल्हापुरास पहिल्यानेंच आलेला एखादा चौकस मनुष्य दसरा चौकांत उभा राहिला आणि त्यानें सभोंवार नजर फिरविली, म्हणजे त्याच्या मनांत एक प्रश्न उठल्यावांचून राहत नाहीं. चौकांत श्रीशाहू छत्रपतींचा पुतळा आहे. आणि त्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर कोठें दिगंबर जैन बोर्डिंग, कोठें मुसलमान बोर्डिंग, कोठें लिंगायत समाजाचें वसतिगृह, तर कोठें सारस्वतांचें, अशा पाट्या दिसतात. मागें आमच्याकडे वऱ्हाडांतून आलेले एक स्नेही असेच त्या चौकांत थबकले आणि म्हणाले, "तुमचे महाराज जातिभेदाचे वैरी, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. मग ह्या इमारती कशाच्या? जातिभेद मोडावयास निघालेल्या राजानें जातीजातीला वेगळें घर बांधून द्यावें, हा काय प्रकार?"

त्या वेळीं "अहो, तो काळच तसा होता" असें कांहींतरी मोघम बोलून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु स्नेह्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आमचें उत्तर खरें नव्हतें. काळच तसा असता तर शेजारच्या सगळ्याच संस्थानांतून असे दहा-वीस वाडे उभे राहिले असते. पुढें ह्या विषयाचा विचार करतां करतां आमची अशी समजूत झाली कीं, ह्या पाट्यांच्या मागें संस्था आणि समाज सुधारण्याची एक निराळीच रीत आहे; आणि ती रीत जितकी फलदायी तितकीच जोखमीचीही आहे. स्नेह्यांना द्यावयाचें राहिलेलें उत्तर आज उशिरा कां होईना, येथें देण्याचा विचार आहे.

संस्था सुधारावयाची म्हटली कीं आपण प्रथम तिचे दोष शोधावयास बसतों. शाळेचा निकाल वाईट लागला, नेमा समिति. सोसायटी तोट्यांत गेली, नेमा चौकशी. समिति येते, उणिवांची एक लांबलचक यादी करते, आणि ती यादी ज्यांना वाचून दाखविली जाते ते लोक एक तर मान खालीं घालतात, नाहीं तर कानांवर हात ठेवतात. काम पूर्वींच्याच ठिकाणीं राहतें. १९८० सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या कारभाराचा अभ्यास डेव्हिड कूपररायडर नांवाचा एक तरुण विद्यार्थी करीत होता. दोष शोधतां शोधतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, जेथें माणसें एकमेकांच्या साहाय्यानें उत्तम काम करीत होतीं, तेथली हकीकत दोषांच्या हकीकतीपेक्षां अधिक शिकविणारी आहे. त्याचे गुरु सुरेश श्रीवास्तव ह्यांनीं त्याला त्याच वाटेनें पुढें जाण्यास सांगितलें. १९८७ सालीं दोघांचा ह्या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून ह्या पद्धतीचा मोठाच बोलबाला झाला. आपण तिला मराठींत 'गुणान्वेषण' म्हणूं. संस्थेंत काय बिघडलें आहे असें न विचारतां, ती जेव्हां उत्तम चालते तेव्हां कशाच्या बळावर चालते, हें तिच्याच माणसांना विचारावयाचें आणि तें बळ वाढवावयाचें, इतकाच तिचा गाभा.

नांव नवें असलें तरी गोष्ट नवी नाहीं. करवीरच्या राज्यांत ती ऐंशी-पंचायशी वर्षें आधीं होऊन गेली, आणि तीही एखाद्या रुग्णालयाच्या कारभारापेक्षां फार मोठ्या प्रमाणावर.

२ एप्रिल १८९४ रोजीं शाहू छत्रपतींनीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां त्यांना विसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्या वेळचें दफ्तर कोणाच्या हातीं होतें ह्याचे आंकडे इतिहासकारांनीं नमूद केलेले आहेत. सर्वसाधारण कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि सुमारें ५०० कारकुनांमध्यें ब्राह्मणेतर अवघे १० होते. असे आंकडे समोर ठेवून कोणीही समिति नेमली असती तर तिचा अहवाल काय आला असता हें सांगावयास ज्योतिषी नको. मराठे अडाणी आहेत, कुणब्याला शिक्षणाची आवड नाहीं, मुसलमान मागासलेले आहेत, अस्पृश्यांचें तर बोलावयासच नको. दोषांची यादी तयार, आणि त्या यादींतच दोषी ठरलेल्यांच्या पदरीं आणखी एक अपमान.

महाराजांचा पहिला प्रयत्न मात्र अगदीं सरळ होता. १८९६ सालीं त्यांनीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरितां एक वसतिगृह काढलें. आमच्या वऱ्हाडी स्नेह्यांना जें हवें होतें तेंच हें! परंतु थोड्याच काळांत तें सर्वांचें न राहतां बहुतेक ब्राह्मण विद्यार्थ्यांचेंच होऊन बसलें. दार सर्वांना उघडें होतें. दारापर्यंत येऊन पोंचणारा वर्ग मात्र एकच होता. खेड्यांतून एखादा मुलगा आलाच तरी तेथील बोलण्याचालण्यांत आणि जेवणखाण्याच्या रीतींत तो आपल्याला पाहुणाच समजणार. पाहुण्याला चार दिवस राहतां येतें. मॅट्रिकपर्यंतचीं वर्षें काढतां येत नाहींत.

ह्या अपयशांतून महाराजांनीं जें ओळखलें तें आमच्या मतें असें. ब्राह्मण समाजाचें विद्येंतलें यश केवळ बुद्धीचें नव्हतें. गरीब ब्राह्मण विद्यार्थी खेड्यांतून शहरांत आला तर त्याला सात घरीं सात वार लावून जेवतां येई, नाहीं तर माधुकरी मागतां येई. ही सोय कोणत्याही सरकारनें केलेली नव्हती. समाजानें आपल्या मुलांसाठीं पिढ्यानुपिढ्या चालविलेली ती एक संस्थाच होती; तिला इमारत नव्हती, चिटणीस नव्हता, हिशेबाची वहीही नव्हती. पुष्कळ थोर पुरुष ह्या वारांच्या अन्नावर वाढले. पन्हाळ्याकडच्या किंवा भुदरगडकडच्या शेतकऱ्याच्या पोराला अशी सात घरें शहरांत कोठें होतीं? म्हणजे उणीव होती ती बुद्धीची नव्हती, आवडीचीही नव्हती. दोन वेळच्या भाकरीची आणि पाठ टेकण्यापुरत्या जागेची होती. आणि ती पुरी करण्याचें बळ प्रत्येक समाजाच्या अंगीं होतें. तें दुसऱ्याच कामांत खर्च होत होतें, एवढेंच.

तें कोणत्या कामांत? जातीच्या पंचायतींत. हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणाची मेख येथें आहे. आपल्याकडे जात ही एक अत्यंत बळकट संघटना आहे. ती वर्गणी गोळा करूं शकते, हजार पानें उठवूं शकते, देवळाचा जीर्णोद्धार करूं शकते, आणि मनांत आणील तर एखाद्या कुटुंबाला वाळींत टाकून त्याचें जिणें असह्य करूं शकते. जैन व्यापाऱ्यांत दानधर्माची जुनी परंपरा होती. लिंगायतांच्या मठांतून आल्यागेल्यास अन्न मिळे. मराठ्यांच्या पाटीलकीला घराण्याचा अभिमान होता. सुधारक मंडळी ह्या सगळ्याकडे पाहून म्हणत कीं, हा सारा जातीचा रोग आहे. तसा तो होताच. परंतु ज्या पंचायतीला माणूस वाळींत टाकण्याचें सामर्थ्य आहे तिला चाळीस पोरें जेवूं घालून शिकविण्याचेंही सामर्थ्य असलें पाहिजे, हें हिशेबाचें गणित फार थोड्यांना सुचलें. महाराजांना तें सुचलें.

१८ एप्रिल १९०१ रोजीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच सालीं दिगंबर जैन बोर्डिंग निघालें. १९०६ सालीं मुसलमानांचें, १९०८ सालीं दैवज्ञांचें आणि शिंपी समाजाचें नामदेव बोर्डिंग, १९१५ सालीं सारस्वतांचें आणि हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचें. पुढेंही यादी वाढतच गेली. रीत बहुधा ठरलेली असे. दरबारानें जागा द्यावयाची, इमारतीस हातभार लावावयाचा, वर्षासन बांधून द्यावयाचें. आणि चालविण्याचा भार, वर्गणीचा भार, मुलें शोधून आणण्याचा भार त्या त्या समाजानें उचलावयाचा. ज्या समाजांत पुढाकार घेणारें कोणी नसे तेथें महाराज स्वतः खुर्चीवर बसत. मुसलमान समाजाची शिक्षणसंस्था काढतांना त्यांनीं शहरांतील मुसलमान गृहस्थांस एकत्र बोलाविलें आणि अध्यक्षपद आपल्याकडे घेतलें. हिंदु छत्रपति मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, ही गोष्ट आज आम्हीं जितक्या सहजपणें लिहिली तितकी ती सहज नव्हती.

आणखी एक गोष्ट ह्याच्याशीं जोडून पाहण्याजोगी आहे. १८९५ सालीं, म्हणजे बोर्डिंगांच्या आधींच, महाराजांनीं भास्करराव जाधव ह्या उच्चशिक्षित मराठा तरुणास असिस्टंट सरसुभ्याच्या जागेवर नेमिलें होतें. एका नेमणुकीनें पांचशे कारकुनांचें प्रमाण बदलत नाहीं. परंतु "आमच्यांतला माणूस हें करूं शकतो" ही गोष्ट शंभर व्याख्यानांनीं पटत नाहीं ती एका माणसाकडे बोट दाखवून पटते. १९९० सालच्या अखेरीस जेरी स्टर्निन आणि त्यांची पत्नी मोनीक हीं व्हिएतनाममध्यें मुलांच्या कुपोषणावर काम करण्यास गेलीं, तेव्हां त्यांनींही हेंच केलें. बाहेरून दूधभुकटी न आणतां त्यांनीं त्याच खेड्यांतील, तितक्याच गरीब, पण धडधाकट मुलांचीं घरें शोधून काढलीं. त्या घरांतल्या आया भातखाचरांतले बारीक झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या अन्नांत घालीत आणि दिवसांतून अधिक वेळां थोडें थोडें भरवीत. मग शेजारणींनीं शेजारणींकडून शिकावयाचें, एवढीच योजना. भास्करराव जाधव हे करवीरच्या खेड्यापाड्यांना असेंच एक दाखविण्याजोगें घर होते, असें म्हटल्यास भास्कररावांचा अवमान होणार नाहीं अशी आशा आहे.

थोडें विषयांतर करून सांगावयाचें तर ह्या शहराच्या अंगांतच हा गुण असावा. बाबूराव पेंटर ह्यांचेंच पाहा. सुतारकामाच्या घराण्यांतला हा माणूस. चित्रकला घरींच शिकलेला. विलायतेहून यंत्र आणि तंत्रज्ञ आणण्याइतका पैसा नव्हता, तेव्हां कोल्हापुरांत जें होतें त्याचाच त्यांनीं हिशेब केला. लेथवर काम करणारे कारागीर होते, नाटकांचे पडदे रंगविणारे हात होते. त्यांतून त्यांनीं सिनेमाचा कॅमेरा येथेंच घडविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० सालीं 'सैरंध्री' लोकांपुढें आणला. त्यांच्याच हाताखालीं तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आदि मंडळींनीं १९२९ सालीं ह्याच शहरांत 'प्रभात' काढली. ती पुढें १९३३ सालीं पुण्यास गेली. काय नाहीं ह्याची यादी करीत बसते तर ह्यांतलें कांहींच झालें नसतें. असो.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही गुणान्वेषणाचे भाट झालों. तसें नाहीं. ह्या पद्धतीला एक मोठी आडकाठी आहे आणि ती करवीरच्याच इतिहासांत स्पष्ट दिसते. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग निघालें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या कन्येचें नांव त्याला दिलें होतें. मिस क्लार्क बोर्डिंग म्हणून तें प्रसिद्ध आहे. पण जैन बोर्डिंगामागें जसा व्यापाऱ्यांचा पैसा होता, तसा ह्या बोर्डिंगामागें कोणाचा होता? गांवकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला "तुमच्यांतल्या बळावर उभे राहा" असें सांगणें, म्हणजे ज्याचे हात बांधले त्याला पोहण्याचा उपदेश करण्यासारखें आहे.

गंगाराम कांबळे ह्यांची गोष्ट कोल्हापुरांत घरोघर माहीत आहे. ते महाराजांच्या पागेंत नोकर होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. ही हकीकत महाराजांच्या कानीं जातांच त्यांनीं मारणारांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांस स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून भांडवलही दिलें. गंगारामांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नांवाचें हॉटेल काढलें. चहा उत्तम होत असे, स्वच्छताही वाखाणण्याजोगी होती. परंतु महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गुण होता, भांडवलही होतें, गिऱ्हाईक नव्हतें. तेव्हां महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करीत, स्वतः चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजीत, असें सांगतात. छत्रपतींनीं घेतलेला पेला नाकारण्याची छाती कोणाची? येथें केवळ गंगारामांचा गुण हेरून भागलें नसतें. राजसत्तेचें वजन त्या पेल्यांत टाकावें लागलें.

म्हणूनच २६ जुलै १९०२ चा हुकूम बोर्डिंगांपासून वेगळा करून वाचतां येत नाहीं. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाच्या निमित्तानें महाराज त्या वेळीं विलायतेंत होते. करवीर सरकारच्या गॅझेटांत हुकूम प्रसिद्ध झाला कीं, ह्यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनीं भरल्या जाव्या. आणि मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व अशाच पुढारलेल्या वर्गांखेरीज सर्व. बोर्डिंगांतून मुलें तयार व्हावयाचीं आणि बाहेर पडल्यावर कचेरीचें दार बंद दिसावयाचें, असें झालें असतें तर दुसऱ्या पिढीनें बोर्डिंगांत पाऊल टाकलें नसतें. १९१२ सालापर्यंत कारभारांतील ९५ जागांपैकीं ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले होते. अमेरिकेंतील नव्या पद्धतीचे कांहीं उत्साही पुरस्कर्ते गुणांचें कौतुक केलें कीं काम झालें अशा थाटानें बोलतात. कारखान्याच्या मालकाला तें गोड वाटत असावें. कौतुकाला पगारवाढ लागत नाहीं! करवीरच्या राजानें कौतुकाबरोबर जागाही दिल्या, हा फरक लहान नाहीं.

तीच गोष्ट हजेरीची. महार, मांग, रामोशी, बेरड ह्या जातींच्या लोकांनीं रोज गांवकामगारापुढें हजेरी द्यावी अशी चाल होती. माणूस जन्मला तोच चोर असें सरकारनें गृहीत धरलेलें. दोषदृष्टीचा ह्याहून मोठा कळस कोणता असेल? महाराजांनीं १९१८ सालीं ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांसारखे रानावनांत भटकणारे लोक त्यांनीं आपल्याजवळ आणून कामाला लाविले. ज्यांच्यापासून गांवानें राखण करावी असें लोक म्हणत, त्यांनाच राखणीचें काम दिलें. आणि २१ व २२ मार्च १९२० रोजीं कागल जहागिरींतील माणगांवास अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हां अध्यक्षस्थानीं डॉक्टर आंबेडकर होते. तोंपर्यंत त्यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. महाराजांनीं तेथें जाऊन जमलेल्या लोकांचें अभिनंदन केलें तें एवढ्याचसाठीं कीं, त्यांनीं आपला पुढारी आपल्यांतून शोधून काढला. स्वतः राजा असून, आणि त्या लोकांसाठीं इतकें करून, "तुमचा पुढारी मी नव्हे, हा आहे" असें दाखवून देणें सर्वांना साधत नाहीं.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाची खरी धार. जातीच्या बळावर बोर्डिंग उभें राहिलें. मग त्यांत शिकलेल्या मुलांच्या मनांत जातच बळावणार नाहीं काय? ज्या बळाला आपण पाणी घालतों तेंच वाढतें, हें तर ह्या पद्धतीचें ब्रीद. महाराजांना हें दिसत नव्हतें असें म्हणण्यास आधार नाहीं. १९१९ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेंत घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे शाळेच्या बाबतींत त्यांनीं वेगळेपणाची परांची कामापुरती बांधली आणि स्वतःच्या हातानें काढूनही टाकली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मिश्रविवाहांना कायद्याची मान्यता देण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. बोर्डिंगांचीही परांची त्यांनीं यथाकाल काढली असती काय? ६ मे १९२२ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुंबईस त्यांचा अंत झाला. बोर्डिंगें राहिलीं. त्यांतून शिकून हजारों घरें वर आलीं हें जितकें खरें, तितकेंच जातीच्या सभा, जातीचीं मासिकें आणि पुढें जातीचीं मतें ह्यांनाही तेथें आयताच निवारा मिळाला, हेंही नाकारण्यांत अर्थ नाहीं. आमच्या दृष्टीनें हिशेबांत जमेची बाजू पुष्कळच मोठी आहे. पण खर्चाची बाजू कोरी दाखविणारा हिशेबनीस आम्हांस नको.

ह्या खर्चाच्या बाजूचा पहिला जमाखर्च मात्र एका विद्यार्थ्यानें मांडला, आणि तोही तोंडानें नव्हे. कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील हा जैन घराण्यांतला मुलगा कोल्हापुरांत जैन बोर्डिंगांत राहून शिकत होता. अभ्यासांत फार चमकणारा नव्हता. मॅट्रिकही तो कधीं झाला नाहीं. अशी हकीकत सांगतात कीं, मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला, आणि परत आल्यावर शुद्धीसाठीं स्नान करण्यास त्यानें साफ नकार दिला. तेव्हां त्याला बोर्डिंगांतून जावें लागलें. एका जातीच्या वसतिगृहानें दुसऱ्या वसतिगृहाचा विटाळ मानला! महाराजांच्या रीतींतला धोका ह्याहून थोडक्यांत कोणी सांगूं शकेल असें वाटत नाहीं. महाराजांनीं भाऊरावास आपल्या वाड्यावर आश्रय दिला.

पुढें भाऊरावांनीं पोटासाठीं नाना उद्योग केले. कांहीं काळ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत ते सातारा भागांतल्या खेड्यापाड्यांतून फिरले, आणि शेतकऱ्याच्या अंगचें बळ काय आहे हें त्या पायपिटींत त्यांना उमगलें. पैसा त्याच्याकडे नाहीं. पण मूठभर धान्य प्रत्येक घरांत आहे, आणि अंगमेहनत करण्याची लाज कोणालाच नाहीं. १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं जें वसतिगृह काढलें त्यांत मराठा, महार, जैन, मुसलमान, मांग अशीं सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकाच चुलीवरचें अन्न खात, आणि शेतांत व बांधकामावर कष्ट करून आपल्या शिक्षणाचा भार जमेल तितका आपणच उचलीत. कित्येक वेळां कोठींत दाणा नसे. अशा प्रसंगीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं अंगावरचे दागिने, आणि अखेर मंगळसूत्रही, त्या मुलांच्या अन्नासाठीं मोडलें. ह्या बाईंचें नांव त्यांच्या पतीच्या नांवाइतकें घेतलें जात नाहीं, ही खंत येथें नोंदवून ठेवतों.

म्हणजे १८९६ सालीं कोल्हापुरांत जें साधलें नाहीं तें अठ्ठावीस वर्षांनीं साताऱ्यास साधलें. मध्यंतरीं काय बदललें? आमच्या मतें बदललें तें हेंच कीं, जातीजातीच्या बोर्डिंगांतून निघालेली एक पिढी तोंवर खेड्यांत परत गेली होती. शिकलेला मराठा, शिकलेला लिंगायत, शिकलेला महार हें आश्चर्य राहिलें नव्हतें. पहिल्या वसतिगृहांत खेड्यांतला मुलगा पाहुणा होता. साताऱ्याच्या वसतिगृहांत कोणीच पाहुणा नव्हता, कारण यजमानही कोणी नव्हता. भिंती बांधणारे तेच, रांधणारे तेच, जेवणारेही तेच. भाऊरावांनीं महाराजांची रीत टाकली नाहीं. लोकांत आधींच असलेल्या बळावर संस्था उभारावयाची, हें सूत्र त्यांनीं जसेंच्या तसें उचललें. फक्त तें बळ जातीच्या पंचायतींत न शोधतां शेतकऱ्याच्या मुठींत आणि मुलांच्या मनगटांत शोधलें.

हें सारें आम्हीं वऱ्हाडच्या स्नेह्यांना पत्रानें कळविलें. त्यांचें उलट टपालीं उत्तर आलें कीं, हकीकत पटली, परंतु जैन बोर्डिंगांतून बाहेर पडावें लागलेल्या मुलाच्या मनांत ह्या बोर्डिंगांच्या जनकाविषयीं काय भावना राहिली असेल, ती मात्र तुम्हीं लिहिली नाहीं. ह्याचें उत्तर देण्यास आम्हांस तर्क करण्याची गरज पडली नाहीं. १९२७ सालीं महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हां भाऊरावांनीं त्या सर्व जातींच्या वसतिगृहाचा नामकरणविधि त्यांच्या हस्तें करविला. नांव भाऊरावांनींच ठरविलें होतें : छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस.